गेरूच्या भिंतीवरची खूण

९ जुलै १९७३, सोमवार

नीरेनदा हो म्हणाले! आमचे फुटबॉलचे कोच, आणि चक्क हो! शनिवारच्या मॅचची टीम माझी टेस्ट घेऊन निवडणार. लायब्ररीतल्या अमेरिकन मासिकात सापडली. एकदम सोपी — बोटांना खडू लावायचा, भिंतीला खेटून उभं राहायचं, हात होईल तितका वर ताणून खूण करायची. मग जागच्या जागी उडी मारून दुसरी खूण. मधलं अंतर म्हणजे पायातला जोर.

मी म्हटलं, "एक्स्प्लोझिव्ह फोर्स, दादा."

नीरेनदा म्हणाले, "आस्ते बोल रे बाबा, बॉम्बवाला समजून पोलीस येईल!"

सगळे हसले. बादल तर गवतात लोळला. लेफ्ट विंगला जागा एकच. बादल किंवा मी. दोन वर्षं बादलच खेळतोय, मी बाकावर.

१० जुलै

आईनं वृंदामावशीला सांगितलं, मावशीनं इथल्या अख्ख्या मराठी मंडळाला. आणि बाबा — माझी एकही मॅच बघितली नाही त्यांनी आजवर — म्हणाले, "शनिवारी गार्डन रीचच्या कामावरून लवकर निघतो. नक्की खेळणार ना?"

हो म्हटलं. का म्हटलं? टेस्ट तर उद्या आहे!

बादलला सांगितलं. तो बाबांना मेशोमोशाय म्हणतो, बंगालीत मावसोबा. "मेशोमोशाय येणार? मग मिठाई पाहिजे, लंबू!" आपली जागा जाईल असं त्याच्या डोक्यातही नाही.

११ जुलै

पहिला आलो.

लिहूनच टाकतो. दुसरं कुणी वाचणार नाही. जिमखान्याच्या व्हरांड्यात, गेरूच्या भिंतीवर टेस्ट झाली. नीरेनदा स्टुलावर चढून टेप धरत होते, खालचं टोक बादलकडे. मग त्याची उडी. एवढासा पोरगा, माझ्या खांद्याला लागतो, आणि काय उडाला! मी शेवटी गेलो. पहिली खूण करताना खांदा पाडला. कोपर वाकवलं. तेव्हा कुणी बघतच नाही, सगळे उडीकडे बघतात. खालची खूण आणखी खाली, की अंतर वाढलं.

नीरेनदांनी आकडा वाचला. मी टीममध्ये. बादल बाकावर.

तो म्हणाला, "बाप रे लंबू, पायात स्प्रिंग आहे काय!" आणि पाठीवर थाप मारली.

माझीच टेस्ट. मीच आणलेली!

१२ जुलै

जेवण गेलं नाही. आईला वाटतंय, मॅचचं टेन्शन.

१३ जुलै

प्रॅक्टिसनंतर व्हरांड्यात गेलो. खुणा तशाच आहेत, खाली प्रत्येकाचं नाव. उभं राहून केलेली माझी खूण बादलच्या खुणेच्या बरोबरीला! मी — ज्याला सगळं कॉलेज लंबू म्हणतं! आंधळ्यालाही कळेल. तीन दिवस भिंत ओरडून सांगतेय.

मागून बादल आला. "काय बघतोयस?"

"काही नाही."

तो पण थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "चल, चहा."

नीरेनदांना आज सांगायला हवं होतं. घरी आलो तर बाबा माझे बूट पॉलिश करत बसलेले. स्वतः.

१४ जुलै

हरलो. माझ्यामुळे. बॉल येतोय आणि माझे पाय लाकडाचे. बाकावरून बादल ओरडतोय, "सोड, सोड, आत दे!" बाबा छत्री घेऊन लाइनला उभे. शेवटपर्यंत.

ट्राममध्ये म्हणाले, "होतं असं. टेस्टमध्ये तू सगळ्यांच्या वर होतास, कोचनी सांगितलं मला." आणि शेजारच्या माणसाकडे बघून हसले.

उतरून पळून जावंसं वाटलं.

१६ जुलै

ठरवून गेलो. नीरेनदांना भिंतीपाशी नेऊन दाखवायचं, मग काय व्हायचं ते होवो. आधी एकटाच बघायला गेलो.

सगळ्यांच्या खुणा आहेत. माझी खालची नाही. ओल्या फडक्यानं पुसलीय.

बादल पायरीवर बुटाची नाडी बांधत होता. विचारलं, "तू पुसलीस? कळलं होतं तुला?"

"टेपचं खालचं टोक कुणाच्या हातात होतं, लंबू? तुझे बाबा येणार होते ना, म्हणून बोललो नाही."

नीरेनदांना हाक मारली, खडू घेतला, भिंतीला खेटून उभा राहिलो.

मागून बादल म्हणाला, "कोपर सरळ."