रोअनोकची गौर

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना, २३ सप्टेंबर २००७

ती. आईस रुचाचा वाकून नमस्कार.

मागच्या पत्रात लिहिलं होतं, रोअनोक बेटाच्या किनाऱ्यावरून गौरींचे सात खडे आणले. ते चुकलं. खडे सहाच होते, सातवं खापर निघालं.

विसर्जनाआधी हळदकुंकू धुताना कळलं. त्यावर दोरीचे वळ आहेत आणि कडेला कुणाच्या तरी बोटाचा ठसा. माझं बोट त्यात नेमकं बसतं. गौर मुक्यानं आणायची, म्हणून उचलताना ‘हा खडाच आहे ना?’ असं नकुलला विचारलंच नाही.

बाकीच्या सहा गौरी इथल्या लेकमध्ये सोडल्या आणि बेटावरच्या म्युझियमच्या ऑफिसला फोन केला. चारशे वर्षांपूर्वी तिथे उतरलेली इंग्रज माणसं बायकामुलांसकट नाहीशी झाली. मला वाटलं, त्यांचं असेल. तिथल्या बाई म्हणाल्या, “त्यांना सगळेच शोधतात. हे त्यांच्याआधीच्या, मूळ रहिवाशांच्या गावातलं वाटतंय.” ते गावही आता नाही.

नकुल म्हणतो, “अगं, हेही लेकमध्ये टाक आणि मोकळी हो.” पण आई, आपली गौर माहेरी येते. हिला तर मी तिच्याच घरातून उचलून आणली, ओवाळली, घावन-घाटलं दाखवलं. ती जेवली असेल का गं? घरात एकटी असले की वाटतं, कुणीतरी निरोपाची वाट बघत बसलंय.

काळजी करू नकोस, मी नीट जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे?

हायवेवर मी अजून एकटी गेलेली नाही. तरी नकुल आला नाही, तर मीच ड्राइव्ह करून तिला पोचवणार आहे, शनिवारी, २९ सप्टेंबरला.

तुझी,
रुचा