कंपनीवर अर्ज, व्याह्यांना पत्र

श्री सिद्धेश्वर प्रसन्न

शुक्रवार पेठ, सोलापूर
बुधवार, ता. ११ एप्रिल १९३४

राजमान्य राजेश्री चनबसप्पा व्याही, मुक्काम बार्शी, यांस गुरुसिद्धप्पाचा शरणार्थ.

आमच्याकडे सर्व ठीक. ऊन कडक आहे, विहिरीनं तळ गाठलाय, चिंचोके भिजवायला पाणी पुरत नाही. नीलम्मा आणि बाळ खुशाल. बाळाचा रंग तुमच्याकडचा, कपाळ आमचं.

हे पत्र कोणत्या नात्यानं लिहावं, इथंच मी अडलो. कंपनीला नोटीस लिहिताना अडलो नव्हतो. मी मराठी चौथी शिकलेला माणूस, पण कंपन्यांचा इंग्रजी कायदा शेजारी डिक्शनरी ठेवून वाचला. वकिलांनी नोटिशीतले दोनच शब्द बदलले, त्यातलाही एक माझाच बरोबर होता.

तुम्हाला राग का आला हे मला अजून नीट समजलेलं नाही. टोचून बोलत नाही, खरंच समजलेलं नाही. तुमच्या गिरणीत सुताला खळ लागते, तिचं चिंचोक्याचं पीठ मी पुरवलं. बिलं थकली. बार्शीला आलो की तुम्ही म्हणायचात, "अप्पा, देणं कंपनीचं आहे. कंपनी वेगळी, मी वेगळा. घरात हा विषय नको." मी घरात कधी विषय काढला नाही. मुलीचा बाप म्हणून तुमच्याकडे पाणीसुद्धा संकोचानं प्यायलो. पुढं कायदा वाचला तर त्यातही हेच, जवळजवळ तुमच्याच शब्दांत! तेव्हा बिलं देता येत नसतील तर कंपनी मोडावी आणि घेणेकऱ्यांची देणी भागवावीत, असा अर्ज मी जिल्हा कोर्टात केला. कंपनीवर केला. तुमचं नाव त्यात एकदाच आलंय, तेही मॅनेजिंग डायरेक्टर म्हणून, मानानं. तर कंपनी गप्प राहिली आणि रागावलात तुम्ही. आता मी कोणाची समजूत घालायची?

बारशाला तुमच्याकडून कोणी आलं नाही. नीलम्माच्या आईनं, पार्वतम्मानं, पाळणा बांधला, घुगऱ्या शिजवल्या, शेजारणी जमल्या. पण कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तुमची काशम्मा आल्याशिवाय ते कोणी सांगायचं? दिवेलागणीला पाळणा सोडला. अजून त्याला नुसतं बाळच म्हणतो. पार्वतम्मा मला म्हणाली, "लई कायदा वाचलात की! आत्याला समन्स काढायचं कलम हाय का बघा त्यात." मी बघितलं नाही. बघावंसं मात्र वाटलं.

मग मी अर्ज मागं घ्यायला गेलो.

इथं माझी चूक झाली असं लोक म्हणतील. माझ्या मते कायद्याची मांडणीच विचित्र आहे. मला वाटलं, अर्ज माझा, मी लावला, मी उचलीन. पण कोर्टानं त्याची वर्तमानपत्रात जाहिरात द्यायला लावली होती. ती वाचून तुमचे सगळे घेणेकरी जागे झाले. गिरणीला कोळसा घालणारा धोंडीराम कोर्टाच्या आवारातच भेटला.

"तुमी खुशाल घरला जा, अप्पा," तो म्हणाला. "तुमच्या जागी मी हुबा ऱ्हातो."

"अर्ज मी लिहिलाय."

"लिवलाय बी झ्याक! एक अक्षर बदलायला नको."

वकिलांना विचारलं. ते म्हणाले, कोर्ट खुशाल त्याला माझ्या जागी घेईल. मी मागं सरलो तरी अर्ज चालणार. धोंडीरामनं अक्षराची तारीफ केली तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं होतं. ते आठवलं की जेवण जात नाही.

आता सरावं की उभं राहावं, कळत नाही. सरलो तर कोळसेवाला कंपनी बुडवणार. उभा राहिलो तर मी बुडवतोय असं दिसणार, पण कंपनीकडून हप्त्यांनी पैसे घ्यायचं मान्य करून त्यालाही थोपवता येईल. तारीख सोमवारी आहे. त्याआधी तुम्ही सगळ्या घेणेकऱ्यांना एकत्र बोलावलंत तर तडजोडीवर पहिली सही माझी.

एवढंच लिहायला बसलो नव्हतो. खरी गोष्ट राहिलीच.

काल नीलम्माला सगळं सांगितलं. ती बाळाला पाजत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी माझ्या घरी जाते."

मी म्हटलं, "अगं, न बोलावता?"

"माझ्याच घरी जायला बोलावणं कशाला, अप्पा?"

याला उत्तर कायद्यात असेल तर ठाऊक नाही.

तर ती रविवारी निघते आहे. कुर्डुवाडीला उतरून छोट्या गाडीनं दुपारी बार्शीला पोचेल. सोबत पार्वतम्मा आहे. मी येत नाही. मी आलो तर दारात तुम्हाला अर्जदार दिसेल, आणि तो दिसला की मागची दोघं दिसणार नाहीत.

स्टेशनावर कोणाला तरी पाठवा. बाळाला ऊन सोसत नाही, अंगावर लगेच पुरळ येतं. कोणी पाठवलं नाहीत तरी ती टांगा करून येईल, तिचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तेव्हा दार तेवढं उघडं असू द्या. नाव काशम्मा ठेवील ते. मला कळवलंत तर उपकार होतील. कळवलं नाहीत तरी चालेल, पण त्यांना आत घ्या.

याहून अधिक मागण्याचं धाडस नसलेला,
तुमच्या सुनेचा बाप
गुरुसिद्धप्पा