टकेटच्या विहिरीतल्या तिघी

९ ऑक्टोबर १९७४
मर्ल टकेटला धरलं. टपाल आणायला गेले तेव्हा कळलं. त्याच्या शेतातल्या कोरड्या विहिरीत बायकांची हाडं सापडली — तिघींची.

आमची बोअर त्यानेच मारली होती. सहा दिवस याच टेबलाशी जेवला. माझी धाकटी बहीण लव्हॉन वाढायची त्याला. "थोरलीपेक्षा धाकटीचा हात सढळ आहे," म्हणाला होता. आम्ही हसलो होतो.

११ ऑक्टोबर
दोघींची ओळख पटली. जोलीन डिल हायवेवरच्या खानावळीत वाढायची. तिच्या दोन्ही मुली आजीकडे लहानाच्या मोठ्या झाल्या. रूथ पेश्का धान्य-कोठाराच्या कचेरीत टायपिस्ट होती, चर्चच्या गायनात खालच्या पट्टीत गायची. दोघी कुणाचा तरी हात धरून पळाल्या, असंच गाव म्हणायचं. मीही म्हटलंय.

लव्हॉनबद्दलही तेच म्हणतात. आठ वर्षं झाली. आईशी भांडली, कोट चढवला आणि गेली. एक पत्र नाही.

तिसरीचं नाव अजून कळलेलं नाही.

१४ ऑक्टोबर
शेरीफ लुंडनी विहिरीत सापडलेला कोट दाखवला. तपकिरी, कुजलेला. लव्हॉनचाही तपकिरीच होता. बटणं कशी होती, खरंच आठवत नाही.

"घाई नको, आर्डिथ. असे कोट अर्ध्या परगण्याकडे होते. नक्की तिचाच?"

"तिचाच," मी म्हटलं.

१५ ऑक्टोबर
आईला सांगितलं. रडली नाही. म्हणाली, "म्हणजे ती मला टाकून गेली नव्हती."

१९ ऑक्टोबर
लव्हॉनचं दफन झालं. सगळं गाव आलं होतं. जोलीनची आई आमच्या आईचा हात धरून उभी होती. "निदान कुठे आहेत ते तरी कळलं आपल्याला," म्हणाली. परत आल्यावर आई पोटभर जेवली. रन्झा करू या म्हणाली उद्या — कोबी-खिम्याचे पाव. किती वर्षांनी काही मागितलं तिने.

२० ऑक्टोबर
रन्झा केले. तीन खाल्ले आईने.

२३ ऑक्टोबर
मर्लने कबुली दिली. शेरीफ स्वतः सांगायला आले, टोपी हातात घेऊन दारातच उभे राहिले.

"तिसरीचं नाव माहीत नाही म्हणतो. रस्त्यात लिफ्ट मागत होती, म्हणे. कुठली कोण, त्याला ठाऊक नाही." मग विचारलं, "लव्हॉनला तर तो ओळखत होता ना?"

"खोटं बोलत असेल," मी म्हटलं.

"बाकी सगळं खरं सांगितलंय त्याने."

आई आतून ऐकत होती का, कळलं नाही. मी दार लावून घेतलं.

२६ ऑक्टोबर
दुपारी फोन. ओरेगॉनहून. "आर्डी, मी लव्हॉन. पेपरात माझंच नाव वाचलं गं. आई कशी आहे?"

आई आत गुणगुणत होती. तिने विचारलं, "कोण आहे?" मी खरं ते सांगितलं. गुणगुणणं थांबलं.

मग शेरीफना फोन लावला. त्या पोरीला आम्ही दुसऱ्याच नावाने पुरलंय. तिचीही आई कुठेतरी फोनची वाट बघत असेल.