अर्ध्या कप चहाने फुटलेले जाळे

परंडा, मंगळवार

तीर्थस्वरूप गुरुप्रसाद दाजींना राघवेंद्रचा नमस्कार.

आपला गुडघा तुळजापूरच्या पायऱ्यांशी सध्या कसा वागतो आहे? मैथिलीताईचा खोकला थांबला असेलच. इकडे मी शरीराने ठीक आहे. बाकीचे सविस्तर लिहितो.

एक कोडे आपल्याही नजरेस आले असेल. निनावी पत्रातला मजकूर गाव विसरते, पण ते कोणी लिहिले हे मात्र सर्वांना पाठ असते. असे का? उत्तरासाठी आधी हे पाहा: संगणकांची जी निनावी जाळी असतात, त्यांत मुख्य कचेरी नसते. तुमच्या-माझ्यासारख्यांचेच संगणक एकमेकांचे निरोप पोहोचवतात. निरोपावर कुलपांचे थर असतात. प्रत्येकाने आपला थर काढायचा. त्याला मागचा आणि पुढचा, एवढेच कळते. (कांदा सोलावा तसे. रडणे शेवटी येते, आणि ते माझ्या वाट्याला आले.)

भजनात आमच्या सौ. लीलाचा सूर वर चढतो. येत्या रविवारी जवळच्या वाशीला स्पर्धा. हे तिला कोणीतरी सांगणे अगत्याचे, आणि तो कोणीतरी मी नसणे माझ्या दोन्ही वेळच्या जेवणासाठी त्याहून अगत्याचे. म्हणून त्या जाळ्याच्याच धर्तीवर मी चिठ्ठी छापून घेतली आणि एकात एक तीन पाकिटे केली: वरचे भीमाशंकर शिंप्याला, मधले गिरणीवाल्या महानंदाबाईंना, आतले लीलाला. नियम एकच, पोहोचवताना चहा घ्यायचा नाही, कारण आपल्याकडे चहाबरोबर "कुणाकडून आलात?" हा प्रश्न येतो आणि उत्तर न देणे हा घराचा अपमान ठरतो.

भीमाशंकर म्हणाला, "सर, दारातनंच पाकीट टाकून निघालो तर बाई म्हणतील, ह्याचं आन् आमचं भांडण हाय व्हय?" तीन दिवस पाकीट शिलाई मशीनखाली पडून राहिले. सुरक्षा संपूर्ण, निरोप जागच्या जागी. शेवटी मी सोयीसाठी अर्ध्या कपाची सूट दिली. निरोप पाऊण तासात पोहोचला. माझे नाव त्याच्या दहा मिनिटे आधी.

लीला रागावली नाही. ती आता माझ्या खुर्चीशेजारी बसून सराव करते आणि म्हणते, "कुठं चढतोय तिथं बोट वर करा." माझे बोट शिवशिवते आहे, पण वर करण्याचे धैर्य अजून झालेले नाही.

आपला,
राघवेंद्र

ता. क. सोबतचे बंद पाकीट लीलासाठी आहे. आत माफी आहे, अर्थात निनावी. शनिवारी येताना आणावे.

पुनश्च: तत्पूर्वी एक छोटी चाचणी. ताईला एवढेच म्हणा, "एक पत्र आलंय," आणि गप्प बसा. चहा संपेपर्यंत माझे नाव आपल्या तोंडून निघाले नाही, तर पाकीट घेऊन या. निघाले, तर पाकीट फाडून टाका; ताईच्या फोनमुळे माफी तोवर लीलाला पोहोचलेली असेल.