दुसरा लेसर कोणाचा

मी, नोटबुर्गा लेखथालर, वय सत्तावन्न, राहणार इन्सब्रुक, प्रकाशकणांवर प्रयोग करून पोट भरणारी, येत्या सोमवारी हृदयाची झडप बदलून घेणार आहे. डॉक्टर आशावादी आहेत. माझा धंदा मोजमापाचा, म्हणून हे लिहून ठेवते. बुद्धी ठिकाणावर आहे, दडपण कोणाचेही नाही. माझे अक्षर माझे मलाच लागत नाही, म्हणून मजकूर टंकलिखित. आणि टंकलिखित म्हणून कायद्याने तीन साक्षीदार हवेत. ज्याला यातून काही मिळायचे आहे त्याने साक्षीची सही केली, तर त्याची देणगी बुडते. संबंधितांनी हे ध्यानात ठेवावे.

१. घर आणि अंगणातले जर्दाळूचे झाड बहीण ओटिलियेला.

२. वडिलांची कुरणावरची झोपडी भाचा रूपर्ट याने मनातल्या मनात कधीच सजवून ठेवली होती. ती मी विकली. कशासाठी, ते पुढे येईल. त्याला माझा संस्कृत कोश द्यावा. भौतिकीकडे वळण्याआधी दोन वर्षे मी तो उशाशी घेऊन झोपत असे. ‘संतोष’ या शब्दापाशी खूण घातली आहे.

३. दुसरा लेसर. हा विद्यापीठाचा नव्हे. झोपडीच्या पैशांचा, म्हणजे माझा.

माझे सहकारी कासियान ग्रुबर तीस वर्षे सांगत आले, की पुंजभौतिकीतल्या काल्पनिक संख्या, म्हणजे उणे एकच्या वर्गमुळातून येणाऱ्या, ही नुसती सोय आहे. वास्तव संख्याच दुप्पट घेतल्या की तेच गणित सुटते. एका उगमापुरते ते खरेही आहे. पण प्रकाशकणांच्या जोड्या सोडणारे दोन स्वतंत्र उगम (आमच्याकडे लेसरने उजळलेले दोन स्फटिक) आणि त्या मोजणारी तीन मेजे मांडली, की नुसत्या वास्तव संख्यांच्या सिद्धान्ताला ७.६६च्या वर गुण मिळत नाहीत. काल्पनिकांना सोबत घेतले तर मिळतात.

आमचा पहिला आकडा आला ८.०१. केक कापला, निबंध पाठवला. मग माझी विद्यार्थिनी माग्दा प्रांटल कॉफी ढवळता ढवळता म्हणाली, “मॅडम, दोन्ही स्फटिकांवर एकाच लेसरचा प्रकाश दुभागून सोडतो ना आपण? मग उगम स्वतंत्र कसे?”

खर्च वाचवायला तो मीच दुभागला होता. निबंध मी त्याच दुपारी मागे घेतला. मला मिळालेली सगळी पदके एका पारड्यात घातली, तरी ती दुपार जड भरेल.

कासियान मुद्दाम जिना चढून आला. “बुर्गा, तुझे स्वतंत्र उगम एकाच आईची जुळी निघाली की गं!”

“हस हवं तेवढं. दुसरी आई विकत आणते.”

आणली. दोन लेसर, दोन खोल्या, आठ महिने. आकडा ७.८३, म्हणजे अजूनही ७.६६च्या वर. निबंध पुन्हा पाठवला.

“त्रुटी किती?” त्याने विचारले.

“तुझ्या अहंकारापेक्षा पुष्कळ कमी.”

“मग चूक आणखी कुठेतरी आहे. वह्या दे इकडे.”

दिल्या. त्याला तीन आठवडे झाले. भेटला की हवापाण्याबद्दल बोलतो.

तर, हा लेसर कासियान ग्रुबर यांना द्यावा. मित्र पाठ थोपटतात. हा माणूस पाठीचे मणके मोजतो. चूक असेल तर त्यालाच सापडेल, आणि सापडली तर निबंध पुन्हा मागे घ्यावा, माझे नाव पहिले ठेवून. चुकीचा आकडा मागे ठेवून जाणारी बाई मी नव्हे. तपासण्यासारखे काही उरले नाही असे वाटून त्याने लेसर घेतला नाही, तर तो प्रांटलला मिळावा. तिला पुढचे बरेच काम आहे.

४. माझ्यामागे भाषणे नकोत. जर्दाळू भरून पिठाचे उकडलेले गोळे करावेत. लोण्याला हात आखडू नये.

(स्वहस्ते) हे माझेच मृत्युपत्र आहे. अक्षरावरून ओळखावे.

नोटबुर्गा लेखथालर
इन्सब्रुक, १४ नोव्हेंबर २०२३

आम्हा तिघांच्या समक्ष सही झाली:

१. हेर्टा त्सांगर्ल, नोटरीच्या कचेरीतील कारकून
२. वेंडेलिन फाल्कनर, शेजारी
३. माथेउस कोफलर, पाववाला (नाव खोडले आहे)

त्याखाली हाताने: कोफलरला मी दारातूनच परत पाठवले. या सहीने लेसर हातचा जातो हे वाचून, समजून सही करतो. वह्या तीनदा तपासल्या. चूक सापडली नाही.
कासियान ग्रुबर, साक्षीदार