हद्द ओढ्यापर्यंत

३ फेब्रु., सोमवार
सकाळी वलवणला पाणी सोडलं, मग तुंगार्ली. बंगले रिकामे. शनिवार-रविवारची माणसं परत गेली, टाक्या भरून गच्चीवरून वाहत होत्या. खाली गावठाणात बायका हंडे मांडून माझी वाट बघतात. नगर परिषदेची हद्द ओढ्यापर्यंत, माझं पाणी सोडायचं कामही तिथवरच. पलीकडे ग्रामपंचायत, आणि आमचं घर. घरी आलो तर आई विहिरीवर.
मामा आला होता. गेल्या आठवड्यात कान्हे गावी माझ्यासाठी मुलगी पाहिली ना, शीतल, तिच्याकडचे रविवारी आपलं घर बघायला येणार. मुलगीही येणार. मामानं आधीच सांगून ठेवलंय: लोणावळ्यात घर, दारात नळ.

५ फेब्रु., बुधवार
मामाला विचारलं, मग पाहुण्यांना ओढा ओलांडून आणायचं ना?
"येडा हाईस का? गावठाणात मावशीच्या घरी बसवायचं. हेच आमचं घर म्हनायचं."
आई म्हणाली, "आन् लगीन झाल्यावर?"
"तवाचं तवा बघू."
पत्त्यात आम्ही सगळेच लोणावळा लिहितो. म्हणजे अगदी खोटं नाही. तरी जेवण गेलं नाही.

८ फेब्रु., शनिवार
गाड्यांची रांग पार हायवेपर्यंत. दुचाकी असूनही वलवणला उशीर, शिव्या खाल्ल्या.
संध्याकाळी आमच्या घरातला दादांचा हार घातलेला फोटो मावशीकडे नेला. मामानं खिळा ठोकला. वडील आता मावशीच्या भिंतीवर. फोटो सरळ आहे का, पुन्हा पुन्हा पाहत राहिलो.

९ फेब्रु., रविवार
पाहुणे आले. शीतलच्या वडिलांनी, आबांनी, आधी नळ सोडून पाहिला. पाणी धो धो. सकाळी मीच सोडलेलं. मामा मिशीत हसला.
शीतलनं माझ्याकडे प्यायला पाणी मागितलं. आत गेलो, कपाट उघडलं तर पीठ. दुसरं उघडलं, लोणच्याच्या बरण्या. ती दारात उभी.
"घर तुमचंच ना?"
"हो."
पेला तिनंच शोधला. माझ्या हातात दिला, स्वतः प्यायलीच नाही.

१० फेब्रु., सोमवार
त्यांचा होकार आला. मामा पेढे घेऊन हजर. आई पेढा हातात धरून तशीच बसली. आज एका गल्लीत पाणी सोडायचंच विसरलो. असं कधी होत नाही.

११ फेब्रु., मंगळवार
शीतलला फोन केला. सगळं सांगितलं. ओढा, विहीर, नोकरी कंत्राटी आहे ते. फोटोचंही.
तिनं सगळं ऐकून घेतलं. मग,
"आईंना पाणी कोण भरून देतं?"
"तीच भरते. मला जमेल तेव्हा मी."
"जमेल तवा व्हय." मग विचारलं, "ओढ्यावर पूल हाय का?"
"साकव आहे. लहान."
"बरं." ठेवला. बरं म्हणजे काय?

१३ फेब्रु., गुरुवार
मामाला अजून बोललो नाही. फोटो मात्र परत आणला. मावशीच्या भिंतीत खिळा राहिला.
दुपारी शीतलचा मेसेज. 'शनिवारी येते. स्टेशनवर या. खरं घर दाखवा. मग आबांना काय सांगायचं ते मी ठरवीन. मामा नको.'
आईला वाचून दाखवला. म्हणाली, "मी समदे हंडे आदीच भरून ठिवते. पोरीला हीर दिसायलाच नगं."
म्हटलं, आई, रिकामे राहू दे. ती विहीरच बघायला येतेय.
"व्हय, व्हय," म्हणाली. आणि हंडे घासायला बसली.