सहा वाजताची भूक

१२ जानेवारी, सोमवार

माझं लिव्हर नापास!

ताईचं तर केव्हाच निकामी झालंय. म्हणून माझ्या लिव्हरचा तुकडा काढून तिला बसवायचा असं चाललं होतं. रक्तगट जुळला, वय बसलं. आणि आज मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावर माझ्या पोटाचं चित्र लावलं. "हे पांढुरकं दिसतंय ना, ही सगळी चरबी. असल्या लिव्हरला सुरी लावली तर तुम्हीही जाल नि ताईही." वजन उतरवा, तीन महिन्यांनी पुन्हा बघू, म्हणाले. तोवर ताई तग धरेल असं त्यांना वाटतंय.

वाटतंय! दुसऱ्या कुणाचं मिळायची रांग केवढी लांब आहे, ते विचारायचं धाडस झालं नाही.

ताई बाहेर बाकावर बसली होती. तिच्या पोटात पाणी, माझ्या पोटात चरबी. "आपण दोघंही पोटुशी दिसतो रे," म्हणाली. दात्यांचं सगळं बघणारी एक बाई आहे तिथे, काखेत कायम फायली — तीसुद्धा हसली. मला नाही हसू आलं.

१३ जानेवारी

आहार सांगणाऱ्या बाईंनी कालचा अख्खा दिवस वदवून घेतला. न्याहारी ठीक. दुपारचा डबा ठीक. रात्रीचं जेवणही बेताचं. "मग हे येतं कुठून?" मी भिंतीवरचा तक्ता वाचू लागलो. "संध्याकाळी काय करता?"

तिथेच तर घोडं पेंड खातं! दिवसभर चष्म्याच्या काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या — केसाएवढी चूक चालत नाही. सुटलो की शेजारच्या काकूंकडून लेकीला, चिमणीला, घ्यायचं, घरी यायचं आणि चपला न काढता फ्रीज उघडायचा. पाव. लोणी. चीजचा तुकडा. शेंगदाणे मुठीमुठीनं. चिमणीनं बशीत टाकलेल्या पावाच्या कडा. बायको आठला येते, तोवर माझं एक जेवण उभ्याउभ्या झालेलं असतं. वर तिच्यासमोर ताटावर बसून म्हणतो, "आज फारशी भूक नाही."

आजपासून बंद.

१४ जानेवारी

नाही झालं बंद.

१७ जानेवारी, शनिवार

ताईनं तोडगा काढला. रोज सहाला ती फोन करणार. "बोलणाऱ्या तोंडाला खाता येत नाही." शिवणाच्या वर्गात आयुष्यभर पोरी हाताळल्यात तिनं. मलाही तिनंच हाताळलंय — आई गेली तेव्हा मी तिसरीत, ती कॉलेजात. कॉलेज सुटलं ते सुटलंच. लग्नाचंही तसंच.

तिच्यासाठी मला फक्त सहा ते आठ गप्प बसायचंय. डोंगर नाही उचलायचा.

२१ जानेवारी

बोलणाऱ्या तोंडाला खाता येतं. बिस्किट चावायचं नाही, आवाज होतो. जिभेवर धरून भिजू द्यायचं आणि "हं, हं" करत गिळायचं.

"तोंडात काय आहे?"
"काही नाही."
"काही नाही एवढं जड असतं होय रे?"

आणि हसली. पुढे शिलाई मशीनच्या पट्ट्याचं काहीतरी सांगत बसली. मी ऐकत होतो आणि दुसरा हात पुड्यात.

२६ जानेवारी

सहाला दात घासले. आहारवाल्या बाईंची युक्ती — तोंड स्वच्छ असलं की खावंसं वाटत नाही म्हणे. पेस्टच्या चवीवर लोणी फार वाईट लागतं. तरी दोन पाव गेले.

१ फेब्रुवारी, रविवार

काटा जिथल्या तिथे! उलट काकणभर पुढेच.

बायकोनं घर धुंडाळून सगळं खाणं काढलं. पुडे, बरण्या, फडताळामागे लपवलेलं चॉकलेट. सगळं पिशवीत भरून काकूंकडे दिलं. फक्त चिमणीचा बिस्किटांचा डबा ठेवला, तोही कपाटावर. पोरीचं तोंड कशाला बांधायचं? बायको एक अक्षर बोलली नाही. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

२ फेब्रुवारी

स्टुलावर चढलो. डबा काढला. खाली बघतो तर चिमणी उभी.
"बाबा, मलापण."
एक तिला दिलं. उरलेली मी.

सहाला फोन तिनंच उचलला. "आत्या, बाबांनी माझी सगळी बिस्किटं खाल्ली." चार वर्षांची पोर! पलीकडे ताई काय म्हणाली कोण जाणे. चिमणीनं फोन माझ्याकडे दिला.

ताई एवढंच म्हणाली, "पोरीला उद्या नवीन आणून दे."

मला स्वतःची शिसारी आली. म्हणजे येते, रोज येते. शिसारीनं भूक मरत नाही. उलट चाळवते.

९ फेब्रुवारी

आज बायको बोलली. चिमणी झोपल्यावर नाही, सकाळी, चहाचा कप हातात असताना, अगदी शांतपणे. "तू खातोस, कारण तुला भीती वाटते. वजन नाही उतरलं तर पोट फाडून घ्यावं लागणार नाही."

मी चवताळलो. काय वाट्टेल ते बोललो. ती म्हणाली, "मलाही वाटते भीती. मी तर देवाकडे रोज काय मागते ते तुला सांगूसुद्धा शकत नाही."

दुकानात दोन काचा वाया गेल्या.

खरं आहे का ते? लिहायला घेतलं तरी कळत नाही. फ्रीजसमोर उभा असतो तेव्हा ताईचा विचार नसतो. भीतीचा नसतो. कसलाच नसतो! म्हणून तर बरं वाटतं तिथे. पण टेबलावर आडवा पडलोय, वर दिवा आहे, असं डोळ्यांसमोर येतं ते दुपारी, काच घासताना. आणि मग सहा वाजतात.

१० फेब्रुवारी

पाव, लोणी, पाव, लोणी.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ताईला दवाखान्यात हलवलं. दुपारी तिच्या शेजारणीचा फोन — "त्या काहीतरी भलतंच बोलतायत." गेलो तर मला बाबा समजून बोलत होती. "बाबा, तो जेवला नाही अजून, त्याला रागावू नका." डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टर म्हणाले, लिव्हर रक्त साफ करत नाही, ते विष डोक्यात चढतं.

तिला आत नेलं. मी बाहेर एकटा. कोपऱ्यात नाणी टाकायचं यंत्र होतं. वेफर्सचं पाकीट घेतलं. मग दुसरं. आत माझी बहीण मला ओळखत नाही आणि मी बाहेर बोटं चाटतोय!

याहून खाली माणूस जाऊ शकतो का? जात असेल. मी जाऊन बघीन.

१९ फेब्रुवारी

शुद्धीवर आली. पहिला प्रश्न, "काल सहाला कुणी फोन केला तुला?"

२४ फेब्रुवारी

ताई घरी. फार वेळ फोन धरवत नाही तिला. म्हणून चिमणीला घेऊन सुटल्यावर सरळ तिच्याकडेच गेलो. तिच्या घरात खायला काही नाही. बिनमिठाचं पथ्याचं असतं ते तिलाच जात नाही. तिचे पाय चेपले. बोट दाबलं की खड्डा पडतो, भरायलाच तयार नाही.

आठला घरी आलो. जेवलो. मध्ये काही खाल्लं नाही हे भांडी घासताना ध्यानात आलं.

एका दिवसाचं काय कौतुक.

१ मार्च

रोज जातोय. ताई चिमणीला सुईत दोरा ओवायला शिकवते. ताईचा हात कापतो, चिमणीचा नेम चुकतो, दोघी खिदळतात. "तुझा बाप असाच होता, टोक तोंडात घालून दोराच गिळायचा. खादाड!"

मी हसलो. पोटात कावळे कोकलत होते. साडेसहाला सगळ्यात वाईट. तळहाताला घाम येतो, तिच्या भिंतीवरचा पंखासुद्धा मला पावाच्या तुकड्यांसारखा दिसतो. सातला ओसरतं. उद्या पुन्हा सहा वाजणारच आहेत.

९ मार्च

तिच्याकडून निघालो आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत शिरलो. अर्धा केक. तिथेच, उभ्यानं. चिमणीला म्हटलं, आईला सांगू नकोस. केवढी लाज. पहिले पाढे पंचावन्न.

१० मार्च

ताईला मीच सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. म्हणाली, "अर्धा ठेवलास ना? आधी पूर्ण संपवला असतास."

२० मार्च

पँट कमरेत सैल. ताईनं बघितलं, टाचणी मागितली आणि पडल्यापडल्या खूण करून दिली. टीप घालायला तिला बसवत नाही. मीच घातली, वाकडी. "उसव," म्हणाली. दोनदा उसवायला लावली.

काटा उतरतोय. पण आनंद कसला? मी इंचाइंचानं उतरतोय, ती हातहातानं. दंड माझ्या मनगटाएवढे झालेत. परवा पुन्हा पोटातलं पाणी काढलं, बादलीभर. आमची शर्यत लागलीय आणि तीच पुढे आहे.

बायकोला म्हटलं, उशीर झाला तर? ती माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

२ एप्रिल

ताई दिवसातला बहुतेक वेळ झोपलेली. सहाला मात्र डोळे उघडते. "काही खाल्लंस?"
"नाही."
"तोंड उघड."
तोंड उघडून दाखवतो. या वयात!

भीती गेलेली नाही. तसं लिहून ठेवतो. कापायच्या टेबलाची स्वप्नं पडतात. पण आता भीती वेगळी आणि भूक वेगळी, एवढं समजतं. दोन्ही घेऊन तिच्या उशाशी बसता येतं.

१३ एप्रिल, सोमवार

पास! लिव्हर स्वच्छ! मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. "कमाल केलीत. असं फार थोडे लोक करतात." मला रडू फुटलं. लगेच विचारलं, ऑपरेशन कधी? ते म्हणाले, "उद्या या, बाईंशी बोला," आणि पडद्याकडे वळले. असतील घाईत.

ताईला आज सांगितलं नाही, झोपली होती. उद्या तारीख घेऊनच सांगतो. बायकोला सांगितलं. ती हसली, मग मोरीत जाऊन नळ सोडून बराच वेळ उभी होती.

१४ एप्रिल

फायलीवाल्या बाईंनी दार लावून घेतलं. ताईनं नकार दिलाय. आज नाही, पहिल्याच दिवशी! मला सांगायचं नाही असं त्यांच्याकडून वचन घेतलं होतं. आणि आता, त्या म्हणाल्या, ताईंनी हो म्हटलं तरी ऑपरेशन सोसायची ताकद राहिलेली नाही.

तसाच ताईकडे गेलो. ओरडलोच. मग हे तीन महिने कशाला? रोजचा तो फोन कशाला?

तिनं डोळे उघडले. "माझंही असंच सुरू झालं होतं. चरबीनंच. त्या दिवशी बाईंनी तुझ्या पोटाचं चित्र मलाही दाखवलं, तेव्हाच ठरवलं." श्वास घ्यायला थांबली. "स्वतःसाठी तू सोडलं असतंस का रे?"

नसतं सोडलं.